यशवंतराव चव्हाण

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून कृष्णामाई वाहते. पूर्वी या मुलखाचा मोठा भाग सातारा या एकाच जिल्ह्यात मोडत असे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. बालपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. आई विठाबाई यांनी अपार कष्ट सोसून मुलांना शिकविले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच यशवंतरावांना स्वातंत्र्याचा ध्यास लागला. १९३२ मध्ये त्यांना १८ महिन्यांची कारावासाची शिक्षा झाली. पुढे १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी वेणूताई यांनाही तुरुंगवास घडला.

देश स्वतंत्र झाला, तरी मराठी भाषिक निरनिराळ्या राज्यांत विभागलेले होते. मुंबईसह एक मराठी राज्य व्हावे, ही जनतेची मागणी होती. तिच्यासाठी शंभराहून अधिक लोकांनी प्राण वेचले. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुजराती व मराठी प्रदेशांचे मिळून विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले.

हा काळ त्यांच्या कसोटीचा होता. मराठी राज्य त्यांनाही हवे होते. पण पक्षाची शिस्त न मोडता नेत्यांचे मन वळवावे, असे त्यांचे मत होते. लोकांना ते रुचले नाही. १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याने लोकसभेवर संयुक्त महाराष्ट्राचे कैवारी क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिले. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून थोड्याच मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा वाटेत हजारो लोकांनी निदर्शने केली. ती शांततेने पार पडली.

विरोधकांना यशवंतरावांनी शत्रू मानले नाही. लोकमत ओळखून, द्विभाषिक राज्य टिकणार नाही, हे त्यांनी दिल्लीच्या नेत्यांना पटवून दिले. अखेर १ मे १९६० रोजी द्विभाषिकाचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये निर्माण झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. बेळगाव व कारवारकडील मराठी मुलूख मात्र बाहेरच राहिला. यशवंतराव नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा देशाच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. कऱ्हाड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.