एकशे एकोणपन्नास कवट्या

इरावती कर्वे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना 'युगान्त'मुळे परिचित आहे. महाभारतातील व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहायला शिकविणारे हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. मीही त्या पुस्तकाच्या वाटेनेच इरावतीबाईंपर्यंत पोचलो. परंतु त्यांच्या चरित्रातील ज्या गोष्टीने मला खिळवून ठेवले, ती 'युगान्त'च्या जवळजवळ चाळीस वर्षे आधीची आहे. ती पुण्यात घडली नाही, बर्लिनमध्ये घडली. आणि त्या वेळी इरावतीबाई आपल्यासारख्याच विद्यापीठातल्या एक विद्यार्थिनी होत्या.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. वडील गणेश हरि करमरकर तेथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले गेले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याच्या हुजूरपागेत पाठविण्यात आले. पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरी तिला दुसरे घर मिळाले. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी. ए. झाल्या, आणि मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ साली एम. ए. झाल्या. विवाह झाला तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी.

एवढे शिक्षण त्या काळच्या स्त्रीला पुष्कळ झाले, असेच कोणीही म्हणाले असते. दिनकररावांना मात्र तसे वाटले नाही. ते स्वतः जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवून आले होते. पत्नीनेही तेथे जावे असे त्यांनी ठरविले. घरात पैसा नव्हता, तेव्हा डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतले. आश्चर्य वाटेल, पण या बेताला विरोध केला तो महर्षींनी! ज्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले, त्यांनाच सुनेचे परदेशगमन पसंत पडले नाही. पुढे १९२९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते स्वतःच युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. मोठी माणसेही सर्व बाबतींत एकाच वेळी पुढे चालत नसतात, हे यावरून दिसते. नवऱ्याने धीर दिला आणि १९२८ च्या अखेरीस तेवीस वर्षांच्या इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

पुण्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो देश कसा वाटला असेल याची आपण कल्पना करू शकतो. डिसेंबरात तेथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. भाषा परकी, आणि प्रबंध लिहायचा तो त्याच भाषेत. देशाचे दिवसही बरे नव्हते. मे १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या. सप्टेंबर १९३० मध्ये त्या १०७ झाल्या. या दोन निवडणुकांच्या मधला काळ म्हणजेच इरावतीबाईंचा जर्मनीतील विद्यार्थिदशेचा काळ.

त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांना वाहिलेली शाखा होती. ती नुकतीच, १९२७ साली स्थापन झाली होती. संचालक होते प्रा. ऑयगेन फिशर. मानवशास्त्रात त्यांचा दबदबा मोठा होता. १९०८ साली जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीत जाऊन त्यांनी मिश्रवंशीय लोकांची पाहणी केली होती आणि वंशावंशांत श्रेष्ठ-कनिष्ठ भेद असतो या मताचे ते होते. तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक.

प्रबंधाचा विषय ठरला मानवी कवटीची स्वाभाविक असममिती. आपल्या कोणाचीही कवटी डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत सारखी नसते; थोडा फरक असतोच. फिशर यांची अटकळ अशी, की युरोपीय गोऱ्या माणसाच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग अधिक मोठा असल्याने त्याच्या कवटीत ही असममिती अधिक आढळेल, आणि त्याच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीची खूण तेथे सापडेल. युरोपीय आणि युरोपबाहेरच्या कवट्या मोजून हे पडताळून पाहायचे काम या भारतीय विद्यार्थिनीकडे आले.

तिने १४९ कवट्या मोजल्या. कॅलिपर घ्यायचा, हाडावरच्या ठरलेल्या खुणांमधील अंतर डावीकडून मोजायचे, उजवीकडून मोजायचे, आकडा लिहून ठेवायचा आणि पुढची कवटी उचलायची. जर्मनीतील अशा संग्रहांत वसाहतींमधून आणलेल्या अस्थी मोठ्या प्रमाणावर होत्या. त्यांपैकी काही कवट्या २०११ साली जर्मनीने नामिबियाला सन्मानाने परत केल्या. म्हणजे ज्या कवट्यांवर शास्त्र चालले होते, त्यांतल्या कित्येकांच्या मागे जुलमाचा इतिहास होता.

सगळे आकडे मांडल्यावर काय दिसले? असममिती सर्वत्र होती. पण तिचा वंशाशी संबंध नव्हता. आणि इरावतीबाईंनी प्रबंधात तसेच लिहिले.

माझ्या मते त्यांच्या बर्लिनमधील वास्तव्याचे सारे मोल या एका निष्कर्षात आहे. आपण जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहू. कर्ज काढून आलेले, घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध पत्करून आलेले, आणि पदवी ज्यांच्या हाती त्यांचीच अटकळ खोटी ठरते आहे! आकड्यांना थोडीशी कलाटणी दिली असती किंवा निष्कर्ष गुळमुळीत ठेवला असता, तर पुण्यात कोणाला कळणार होते? इरावतीबाईंनी ते केले नाही. १९३० साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, गुण देताना मात्र फिशर यांनी हात आखडता घेतला. प्रबंध १९३१ मध्ये जर्मन भाषेत छापला गेला.

पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. १९३३ साली नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांची संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा मुलामा देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात आउश्विट्झच्या छळछावणीतून मानवी अवयवांचे नमुने याच संस्थेत येत होते. चुकीची अटकळ कोणी तपासलीच नाही तर ती कोठवर जाते, याचे याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

इरावतीबाई मायदेशी परतल्या. काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले आणि १९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन करू लागल्या. बर्लिनला शिकलेली मोजमापाची पद्धत त्यांनी महाराष्ट्रातील जातीजमातींच्या अभ्यासासाठी दीर्घकाळ वापरली. शरीराच्या मापांवरून मानवसमूहांची वर्गवारी करणे आज मागे पडले आहे. तेव्हा हत्यार त्यांनी फिशर यांचेच घेतले, हे मान्य केले पाहिजे. परंतु श्रेष्ठ-कनिष्ठतेचा सिद्धान्त त्या हत्याराबरोबर त्यांनी घरी आणला नाही. शिवाय दुसऱ्या गुरूंशीही त्यांचा असाच मतभेद झाला. एका मोठ्या समूहाचे तुकडे होऊन पोटजाती बनल्या, असे घुर्ये मानीत. वेगवेगळे मूळ असलेले समूह शेजारी नांदता नांदता जातिसमाज घडला, असे इरावतीबाई म्हणू लागल्या. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा १९५३ चा ग्रंथ अजूनही अभ्यासला जातो. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

परदेशी शिकायला जाणारा विद्यार्थी काय घेऊन येतो, याची आपल्याकडे नेहमी चर्चा होते. कोणी पदवी आणतो, कोणी नोकरीचे पत्र, कोणी नुसतीच बोलण्याची ढब. इरावतीबाईंनी पदवी आणलीच. पण गुरूचा मान राखूनही गुरूचे म्हणणे मोजून पाहता येते, ही सवयही आणली. 'युगान्त'मध्ये भीष्म-द्रोणांनाही त्या सोडीत नाहीत, याचे आपल्याला नवल वाटते. मला वाटते, ती लेखणी हातात येण्यापूर्वी डालेममधल्या एका टेबलाशी तिची पूर्वतयारी झाली होती. आपल्या महाविद्यालयात कवट्या नाहीत, कॅलिपरही नाहीत. पण वर्गात ऐकलेले आणि पुस्तकात छापलेले एकदा स्वतः पडताळून पाहण्यासाठी बर्लिनला जायला लागत नाही. आणि तसे कोणी करू लागले, तर आपले प्राध्यापक रागावणार नाहीत, उलट त्यांना आनंदच होईल, असा मला विश्वास आहे.