लाटेवरचा ड्यूक

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर सेल्फीसाठी सगळ्यात जास्त गर्दी असते ती एका ब्राँझच्या पुतळ्यापाशी. दोन्ही हात पसरलेला उंच माणूस, हातांवर फुलांच्या माळा, मागे भलामोठा सर्फबोर्ड. हा ड्यूक कहानामोकू. 1990 मध्ये पुतळा बसवला तेव्हा तिथले जुने सर्फर वैतागले होते, कारण पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे आणि समुद्राकडे पाठ करायची नाही हा दर्यावर्दी माणसाचा पहिला धडा. त्यांचं बरोबरच होतं. पण फोटो मस्त येतात, त्यामुळे पुतळा तसाच राहिला.

हवाईची सुट्टी म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? सर्फिंगचा क्लास, उलांडीच्या होडीतून लाटांवर स्वारी, युकुलेली, पानात बांधून शिजवलेलं जेवण. आज पॅकेजमध्ये डॉलर मोजून मिळणारी ही यादी म्हणजे ड्यूकच्या लहानपणीचा रोजचा दिवस.

ड्यूक हे त्याचं नावच, पदवी नव्हे. 1869 मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा हवाईला येऊन गेला, त्यावरून वडिलांचं नाव पडलं आणि वडिलांवरून मुलाचं. तो जन्मला 24 ऑगस्ट 1890 रोजी, तेव्हा हवाई स्वतंत्र राज्य होतं. तो जेमतेम अडीच वर्षांचा असताना गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणि साखरसम्राटांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली खेचलं आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. (साखरसम्राट फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.)

ड्यूक वाढला वायकीकीच्या पश्चिम टोकाला, आईच्या माहेरच्या जमिनीवर. तेव्हाचं वायकीकी म्हणजे दलदल, भाताची खाचरं, बदकं आणि अळूचे मळे. हो, आपलंच अळू! पण तिथे मान कंदाला. अळकुड्या उकडायच्या, दगडाने कुटायच्या, पाणी घालून लगदा करायचा, की झाली पोई. पहिल्यांदा खाणाऱ्याला ती खळीसारखी लागते. ड्यूकचा मात्र तिच्यावर जीव. पानंही वाया जात नाहीत. त्यांत डुकराचं मांस किंवा मासा गुंडाळून वाफवतात, त्याला लाउलाउ म्हणतात. अळूवडी आणि पातोळी यांच्या मधलं काहीतरी समजा. वायकीकीला गेलात तर बर्गर सोडा, आधी हे दोन खा.

शाळेत त्याचं मन रमलं नाही, हायस्कूल अर्धंच राहिलं. सर्फिंग तेव्हा मरणपंथाला लागलं होतं. बाहेरून आलेल्या रोगांनी हवाईयन लोकसंख्या पार घटली होती आणि मिशनऱ्यांना हा उघड्या अंगाचा खेळ पसंत नव्हता. 1901 मध्ये किनाऱ्यावर मोआना हॉटेल उभं राहिलं आणि ड्यूकसारख्या पोरांना काम मिळालं: पाहुण्यांना लाटेवर उभं राहायला शिकवायचं, होड्या हाकायच्या. या पोरांना बीचबॉय म्हणत. 1908 मध्ये शेजारीच आउटरिगर कनू क्लब निघाला, पण सदस्य बहुतेक गोरे. मग ड्यूक आणि त्याच्या मित्रांनी हुई नालू हा स्वतःचा क्लब काढला. त्यांचा अड्डा मोआनाच्या अंगणात, झाडाखाली.

11 ऑगस्ट 1911. होनोलुलूच्या बंदरात, धक्क्यांच्या मधल्या गढूळ पाण्यात शर्यत झाली. ड्यूक 100 यार्ड 55.4 सेकंदांत पोहला. जागतिक विक्रमापेक्षा तब्बल 4.6 सेकंद कमी! अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांनी विश्वासच ठेवला नाही. घड्याळं चुकली असतील, प्रवाहाने ढकललं असेल, असं म्हणून विक्रम नाकारला. मग बेटावरच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला पाठवलं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये गैरसमजातून अमेरिकन पोहणाऱ्यांची उपांत्य फेरी हुकली. त्यांना पोहू द्या, असा आग्रह धरणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचा सेसिल हीली होता, म्हणजे थेट प्रतिस्पर्धी. खास फेरी घेतली गेली आणि अंतिम शर्यतीत ड्यूकला सुवर्ण मिळालं, हीलीला रौप्य.

1914 च्या अखेरीस तो ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याने पाइनच्या फळीतून स्वतः बोर्ड तासला आणि लोकांना सर्फिंग दाखवलं. पुढे 15 वर्षांच्या इझाबेल लेथमला सोबत घेऊन तो लाटेवर उभा राहिला. तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या क्लबने जपून ठेवलाय. 1920 च्या अँटवर्पमध्ये आणखी दोन सुवर्णं. 1924 ला पॅरिसमध्ये जॉनी वाइसम्युलरने त्याला हरवलं, तोच जो पुढे सिनेमातला टारझन झाला.

इतकं नाव, पण खिशात काय? ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालत. पोहण्याचे पैसे घेतले की खेळ संपला. 1912 चाच हिरो जिम थॉर्प बेसबॉलमध्ये किरकोळ कमाई केल्याचं कळताच पदकं गमावून बसला होता. ड्यूक हॉलिवूडला गेला, तर तिथे या देखण्या माणसाला किरकोळ भूमिका: कधी रेड इंडियन सरदार, कधी कुठलातरी बेटवासी. 14 जून 1925 ला कॅलिफोर्नियात कोरोना डेल मारजवळ थेल्मा नावाची मच्छीमार बोट उलटली. 12 जण वाचले, त्यांतल्या आठ जणांना एकट्या ड्यूकने सर्फबोर्ड घेऊन, खवळलेल्या पाण्यात पुन्हा पुन्हा जाऊन बाहेर आणलं. त्यानंतर जीवरक्षकांच्या सामानात सर्फबोर्ड आला. आपल्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, पदकं नंतर.

घरी परतल्यावर त्याने पेट्रोलपंप चालवला. ऑलिम्पिक विजेता गाड्यांत पेट्रोल भरतोय हे बघायला लोक यायचे. 1934 मध्ये तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि पंचवीसेक वर्षं निवडून येत राहिला. बोटीने, विमानाने येणाऱ्या बड्या पाहुण्यांच्या गळ्यात माळ घालायलाही तोच. पर्यटनाच्या जाहिरातीत चेहरा त्याचा, हॉटेलं दुसऱ्यांची. नावाचे थोडेफार पैसे मिळू लागले ते अगदी उतारवयात, शर्टांवर आणि एका नाइटक्लबवर त्याचं नाव लागलं तेव्हा. 22 जानेवारी 1968 ला तो गेला. होड्यांतून अस्थी वायकीकीच्या समुद्रात सोडल्या.

आता खाण्याचं. ज्या जागी एके काळी आउटरिगर क्लब होता, तिथे 1992 पासून ड्यूक्स नावाचं रेस्टॉरंट आहे. भिंतींवर त्याचे फोटो, खिडकीबाहेर तोच समुद्र, आणि हुला पाय नावाचं आइस्क्रीमचं डोंगराएवढं डेझर्ट. चौघांत एक पुरतं. खिसा हलका असेल तर कपाहुलू रस्त्यावर जा: रेनबो ड्राइव्ह-इनमध्ये भाताचे दोन गोळे आणि मॅकरोनी सॅलडवाली प्लेट लंच, लेनर्ड्स बेकरीत गरमागरम मलासादा, म्हणजे पोर्तुगीजांनी आणलेला तळलेला गोड पाव. उन्हात शेव्ह आइस हवाच. आपल्या बर्फाच्या गोळ्याचा चुलतभाऊ, फक्त बर्फ भुसभुशीत. सर्फिंग शिकायला वायकीकीच्या सौम्य, लांब लाटाच बऱ्या. ड्यूकनेही नवख्यांना तिथेच शिकवलं.

आणि पश्चिम टोकापर्यंत चालत जा. त्याच्या आईच्या माहेरच्या जमिनीवर आता हिल्टनचं अवाढव्य रिसॉर्ट आहे. समोरच्या पुळणीला मात्र ड्यूक कहानामोकू बीच म्हणतात आणि ती सगळ्यांना खुली आहे. शुक्रवारी रात्री तिथे हॉटेलवाले फटाके उडवतात. वाळूत बसून बघायला पैसे पडत नाहीत.