आजीचा अडकित्ता आणि काकासाहेब केळकर

माणसाच्या हातून काही चुका अशा घडतात की, घडताना त्या चुका आहेत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. १९८९ साली मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात होतो. घरात दिवाळीपूर्वीची साफसफाई चालली होती. फळीवरची जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीसाठी बाजूला काढली होती आणि ती दुकानात नेऊन घालण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्या ढिगात मी आपण होऊन एक वस्तू टाकली. ती म्हणजे आजीचा पितळी अडकित्ता. आजीचे दात केव्हाच गेले होते. ती पान खलबत्त्यात कुटून खाई आणि सुपारीही बाजारातून कातरलेलीच येई. तेव्हा या अडकित्त्याचा आता काय उपयोग, असा माझा सरळ हिशेब होता. मोडीचे पैसे आले, त्यातले थोडे मला मिळाले आणि त्याच संध्याकाळी ते एका चित्रपटात संपले.

आजीने अडकित्ता दोन दिवस शोधला. मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिने शोधणे थांबवले. तिच्या कमरेला चंची असे. चंची म्हणजे पान, सुपारी, कात, चुना ठेवण्याची कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी. आजच्या विद्यार्थ्यांनी ती बहुधा पाहिलीही नसेल. त्या चंचीतला अडकित्त्याचा कप्पा तिने तसाच रिकामा ठेवला. पुढल्या वर्षी ती गेली, तोवर त्यात तिने दुसरे काही घातले नाही.

१९९१ साली आमच्या वर्गाची सहल पुण्याला गेली. शनिवारवाडा झाला, पर्वती झाली आणि दुपारी आम्हाला बाजीराव रस्त्यालगतच्या एका संग्रहालयात नेण्यात आले. नाव होते ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’. राजा हा शब्द वाचून मी मनाशी ठरवून टाकले की, हे कुणा संस्थानिकाचे प्रकरण असणार. आत सिंहासने, छत्रचामरे आणि रत्नजडित तलवारी असणार. शस्त्रे आत होतीच; पण माझे डोळे खिळले ते भलत्याच वस्तूंवर. समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्री, लाकडी फण्या, दौती, कुलपे, कोरीव दारे, जुनी वाद्ये! जे आमच्या घरी फळीवर धूळ खात पडले होते किंवा मोडीत गेले होते, ते येथे काचेमागे सन्मानाने बसले होते.

आणि मग ते कपाट आले. त्यात अडकित्तेच अडकित्ते होते. कुणाला मोराचा आकार, कुणाला घोड्याचा, कुणाच्या दोन दांड्या म्हणजे एकमेकांना बिलगलेले स्त्री-पुरुष. त्यांत पोपटाच्या आकाराचाही एक होता. आजीच्या अडकित्त्यावर पोपटच होता. वर्ग पुढे गेला तरी मी तेथेच उभा राहिलो. जी वस्तू मी वजनावर विकली होती, तिच्यासारखीच एक वस्तू कुणीतरी आयुष्य वेचून जपली होती. तो कोण, हे विचारले तेव्हा दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे, हा माणूस आदल्याच वर्षी वारला होता. दुसरी म्हणजे, राजा हा राजा नव्हताच. तो त्यांचा मुलगा होता.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. लोक त्यांना काकासाहेब म्हणत. मराठी कवितेच्या अभ्यासकांना ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ठाऊक आहेत. उपजीविकेसाठी त्यांचा व्यवसाय होता चष्म्यांचा. मला हा योगायोग फार आवडतो. दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावे म्हणून भिंगे बसवून देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र इतरांना न दिसणारे काहीतरी दिसत होते.

काय दिसत होते? त्यांचा कवीचा पिंड इतिहासाकडे ओढ घेणारा होता. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. तो काळच तसा होता. पेशवाई १८१८ साली बुडाली, त्याला शंभर वर्षे होऊन गेली होती. सरदारांचे वाडे खचत चालले होते. विजेचे दिवे आले तसे लामणदिवे खाली उतरले. चहा आला तसे पानाचे तबक मागे सरले. पितळ वजनावर विकले जाऊ लागले. म्हणजे मी १९८९ साली जे केले, ते सारा देश कितीतरी आधीपासून करीत होता. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि दागिने सांभाळायला कुणीतरी असते. घरातल्या बायकांच्या हातातली वज्री आणि म्हाताऱ्यांच्या चंचीतला अडकित्ता यांना कुणी वाली नसतो. काकासाहेब त्यांचे वाली झाले.

यासाठी त्यांच्यापाशी ना संस्थान होते, ना गिरणी. होती ती मध्यमवर्गीय कमाई. प्रत्येक वस्तू घरखर्चाला कात्री लावूनच घरात येत असणार. गावोगाव हिंडायचे, जुन्या वाड्यांची दारे ठोठवायची, मालकाचे मन वळवायचे आणि मिळालेली वस्तू जपून पुण्याला आणायची, असा हा उद्योग सुरू झाला. पुढे तो महाराष्ट्रापुरता राहिला नाही. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ अशा दूरदूरच्या प्रांतांतील वस्तू या संग्रहात आल्या. पत्नी कमलाबाई यांची साथ त्यांना होती. असल्या छंदात जगाला नवऱ्याचे नाव दिसते आणि माळ्यावर, पलंगाखाली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाढत जाणारा पसारा बायकोला दिसतो. तो पसारा ज्या बाईने सोसला, तिचाही त्या संग्रहालयावर तेवढाच हक्क आहे, असे मला वाटते.

या दांपत्याचा एकुलता एक मुलगा राजा. तो कोवळ्या वयातच दगावला. अशा आघातानंतर कित्येक माणसे हातातले काम टाकून देतात. काकासाहेबांनी काम टाकले नाही. त्या कामालाच मुलाचे नाव दिले. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत अशी की आधी मुलाचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. राजा दिनकर केळकर! संग्रहालयाच्या पाटीवर आहे ते एका मुलाचे पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीपटावर असते तसे. हे ध्यानात आल्यापासून मला ती पाटी निर्विकारपणे वाचता येत नाही.

१९६० सालापर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता. पुढे तो २०,००० च्या वर गेला आणि त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास वस्तूच एका वेळी मांडता येतात. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही काकासाहेबांनी तेथून हलवून संग्रहालयात पुन्हा उभे केले. पाहुण्यांची गर्दी त्या दालनात अधिक असते. माझे पाय मात्र प्रत्येक खेपेला अडकित्त्यांकडे वळतात. त्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

अडकित्ता हा चाकूचाच भाऊबंद. खिशात किंवा चंचीत घालून नेण्याचे, पाते असलेले, घरगुती हत्यार. शाळेत तरफेचे प्रकार शिकवताना दुसऱ्या प्रकारासाठी त्याचे उदाहरण देतात. खिळा एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. सुपारी खिळ्याच्या जितकी जवळ, तितका जोर कमी लागतो. म्हणून तर दगडासारखी टणक सुपारी म्हातारीच्या हातातही सहज फुटते. पण खरी कारागिरी आहे ती दोन धातूंच्या जोडात. पितळ ओतून हवा तो मोर, हवा तो पोपट घडवता येतो. पण पितळेने सुपारी कातरत नाही. कातरायला पोलादी पाते हवे. तेव्हा अंग पितळेचे आणि पाते पोलादाचे, आणि दोहोंचा सांधा असा की पिढ्यान्‌पिढ्या तो हलू नये. हे ज्याने साधले त्याचे नाव अडकित्त्यावर कोठेही नसते.

जुना अडकित्ता ओळखायचा कसा, असे मला विद्यार्थी विचारतात. मी सांगतो, नक्षी मागाहून पाहा, आधी हात लावून पाहा. खऱ्या जुन्या अडकित्त्याच्या दांड्या जेथे अंगठा टेकतो तेथे गुळगुळीत झालेल्या असतात आणि तेवढ्या भागातली नक्षी पुसट झालेली असते. पाते वारंवार धार लावल्याने मध्यभागी किंचित झिजलेले असते. खिळा सैल असतो, पण पाते खालच्या दांडीवर अचूक बसते. बाजारात जुना म्हणून विकला जाणारा नवा अडकित्ता बरोबर उलटा असतो. नक्षी करकरीत आणि पाते मिटतच नाही. कारण तो सुपारीसाठी केलेलाच नसतो. आणखी एक गोष्ट. जुने पितळ चिंचेने घासून लखलखीत करू नका. तो काळसर रंग म्हणजे मळ नव्हे, वापरणाऱ्यांच्या हातांची ती सही आहे. पात्याला गंज चढू नये म्हणून तेलाचे एक बोट पुरे.

आपल्या या नियतकालिकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असतात, म्हणून एक गंमत सांगतो. अडकित्ता हा शब्द आपण अस्सल मराठी समजतो. आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांनी मला तो उलगडून दाखवला. कन्नडमध्ये सुपारीला अडके किंवा अडिके म्हणतात आणि कत्तरी म्हणजे कात्री. अडकत्तरी म्हणजे सुपारीची कात्री. त्यातली कत्तरीही मुळात संस्कृत कर्तरीची लेक, आपल्या कात्रीची सख्खी बहीण. सुपारी त्यांच्या बागेतली, शब्द त्यांच्या तोंडचा, आणि आपल्याकडे लग्न ठरते ते सुपारी फुटल्यावर! या सीमाभागात भाषांवरून आपण पुष्कळ भांडलो. आजीच्या चंचीत त्या दोन्ही भाषा एकाच कप्प्यात सुखाने नांदत होत्या.

पुन्हा काकासाहेबांकडे येतो. त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग कोणता, असा विचार मी पुष्कळदा केला आहे. वस्तू मिळवणे अवघड खरेच. पण कोणत्याही संग्राहकाला विचारा, त्याहून अवघड असते ते देणे. एकेका वस्तूमागे एकेक दिवस, एकेक प्रवास, एकेक उसनवारी आठवत असते. ती हातावेगळी करायची म्हणजे स्वतःचाच एक तुकडा तोडून द्यायचा. काकासाहेबांनी १९७५ साली आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविला. व्यापारी हिशेबाने त्याचे किती पैसे झाले असते कोण जाणे. तो हिशेब त्यांनी केला नाही. मागितले ते एवढेच असावे, की राजाचे नाव राहावे. तेही मला त्या पाटीवरून वाटते.

१९९० साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी जगाचा निरोप घेतला. स्वतःला अज्ञातवासी म्हणवून घेणाऱ्या कवीने ज्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत अशा ओताऱ्यांची, लोहारांची, सुतारांची कामे गोळा केली आणि जग ज्याला कधी ओळखू शकले नसते अशा एका लहान मुलाचे नाव त्या साऱ्यांना दिले. पुण्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती पाटी एकदा सावकाश वाचावी.

आता माझ्याविषयी थोडेसे. त्या सहलीनंतर मीही अडकित्ते जमवू लागलो. आठवडी बाजार, मोडीची दुकाने, नातेवाइकांचे माळे, सारे पालथे घातले. आज माझ्यापाशी एकतीस अडकित्ते आणि काही जुने चाकू आहेत. पोपटाचे तीन मिळाले. तिन्ही वेळा छातीत धस्स झाले आणि तिन्ही वेळा खिळ्याकडे पाहून कळले की तो हा नव्हे. आजीच्या अडकित्त्याचा खिळा एकदा तुटला होता आणि आजोबांनी तेथे सायकलच्या चाकातील आऱ्याचा तुकडा ठोकून बसवला होता. तो अडकित्ता केव्हाच वितळून त्याच्या एखाद्या समईचा किंवा नळाच्या तोटीचा भाग झाला असेल.

मी येत्या वर्षी निवृत्त होत आहे. हे एकतीस अडकित्ते आणि चाकू महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्यायचे मी ठरविले आहे. कपाटावर माझे नाव नको, आजीचे असावे, एवढी विनंती केली आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे माझे मागणे लहानच आहे. दिवाळीला मोडीची पिशवी उचलण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसासमोर ती एकदा उपडी करा आणि मगच दुकानाची वाट धरा.

चंची मात्र मी देणार नाही. ती माझ्या टेबलाच्या खणात असते आणि तिचा एक कप्पा रिकामा आहे. सगळे देऊन टाकण्याएवढे काकासाहेबांचे मन मोठे होते; माझे तेवढे नाही.