वाल्देमार हाफकिन
वाल्देमार हाफकिन (१५ मार्च, १८६० – २६ ऑक्टोबर, १९३०) हे पटकी (कॉलरा) व प्लेग या रोगांवरील लसींचे जनक होत. त्यांचा जन्म ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधनानंतर ते १८९३ साली भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी, १८९७ रोजी ती प्रथम स्वतः टोचून घेतली आणि मगच भायखळ्याच्या तुरुंगातील, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न मात्र उरतोच. घरझडती व सक्तीचे विलगीकरण यांमुळे सरकारी उपायांविषयी लोकांत संशय होता. त्याची छाया टोचणीवरही पडली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष प्रयोगशाळेवर ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः त्या दिवशी वापरलेल्या इतर बाटल्यांपासून कोणासही अपाय झाला नव्हता. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हेच कारण संभवनीय होते. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू मांडल्यावर १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. त्यानंतर त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.