चांदबिबी आणि पडद्याचा प्रश्न

२०२२ साली उडुपीच्या एका सरकारी कॉलेजात हिजाबवरून वाद उठला आणि बघता बघता तो आपल्या साऱ्या राज्यात पसरला. १५ मार्चला उच्च न्यायालयाने निकाल दिला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. एक पक्ष पडद्याला गुलामगिरी म्हणतो, दुसरा धर्म आणि अब्रू. अशा वेळी आपल्याच दख्खनमधील एका स्त्रीची आठवण होते. ती म्हणजे चांदबिबी.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईपूर्वी दोन घराण्यांची दिलजमाई व्हावी म्हणून तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लावण्यात आले. तिला फारशी, अरबीबरोबर मराठी व कन्नडही येत असे, असे सांगतात. आपल्या सीमाभागाला ती जवळची वाटावी ती यामुळेच.

पडद्यात राहून राज्य करणे दख्खनला नवे नव्हते. आपल्या बिदरमध्ये १४६१ नंतर मखदूमा-ए-जहाँ राणीने बालराजांच्या नावे कारभार पाहिला होता. चांदबिबीची आई खुंजा हुमायूँ हिनेही अहमदनगरची सत्ता चालविली. शेवटी पोटच्या मुलानेच तिला कैदेत टाकले.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. गादीवर आला नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम. चांदबिबी त्याची पालक झाली. सरदारांना मात्र बाईचा हुकूम सोसवेना. किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. पुढे त्याचीच सत्ता गेली आणि तिची सुटका झाली. काही वर्षांनी ती माहेरी परतली.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. किल्ल्यातील लोकांनी काही सुरुंग शोधून त्यांतील दारू काढून टाकली, पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडालाच. तटाला खिंडार पडले आणि शिपाई पळू लागले. तेव्हा अंगात चिलखत, तोंडावर पडदा आणि हातात नंगी तलवार घेऊन चांदबिबी खिंडारात उभी राहिली. तिला पाहून पळणारे मागे फिरले. रातोरात तट पुन्हा उभा राहिला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला, पण अहमदनगर वाचले.

१६०० साली मोगल पुन्हा आले. या वेळी किल्ला टिकणार नाही हे ओळखून बालराजा बहादूरचा जीव वाचवावा आणि तह करावा, असे तिने ठरविले. ती शत्रूला मिळाली अशी हूल तिच्याच माणसाने उठविली. जमाव महालात घुसला आणि तिला ठार करण्यात आले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला.

विद्यार्थी मित्रांनो, खिंडारात उभी राहताना तिच्या तोंडावर पडदा होता. त्याने तिचा हात अडविला नाही. तो ठेवावा की काढावा हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिचा घात झाला तो बाईचा निर्णय मानायची पुरुषांची तयारी नव्हती म्हणून. ती राणी होती हेही खरे. बाजारहाट करणाऱ्या सामान्य स्त्रीला एवढी मोकळीक कोठून मिळणार? पडदा सक्तीने घालायला लावणे आणि सक्तीने काढायला लावणे, दोन्हींत तिला विचारायचे राहून जाते. आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या वतीने आपण तावातावाने वाद घालतो. निदान एकदा तिचे मत विचारून पाहावे.