ट्युरिंगचं होस्टेल

थर्ड इयर कॉम्प्युटरवाल्यांना ट्युरिंग हे नाव माहीत असतं ते परीक्षेपुरतं. एक न संपणारी टेप, तिच्यावर पुढे-मागे सरकणारं हेड, शून्य आणि एक, आणि खाली दहा मार्कांचा प्रश्न. बाकीच्या ब्रँचवाल्यांना तेवढंही नसतं. त्या टेपमागचा माणूस कोण होता हे सिलॅबसमध्ये नाही. मी त्याचं चरित्र वाचायला घेतलं ते मशीनसाठी, पण रेंगाळलो मात्र त्याच्या होस्टेलच्या वर्षांत. कदाचित स्वतः होस्टेलला राहतो म्हणूनही असेल!

अ‍ॅलन मॅथिसन ट्युरिंग. जन्म 23 जून 1912, लंडन. वडील ज्युलियस हे आय.सी.एस. अधिकारी, नोकरी आपल्याकडे मद्रास इलाख्यात. आई सारा ही एडवर्ड स्टोनी यांची मुलगी आणि हे स्टोनी मद्रास रेल्वेचे चीफ इंजिनीअर. म्हणजे या माणसाचं आजोळ रेल्वे इंजिनीअरचं, तेही हिंदुस्थानातलं. पण अ‍ॅलनला मात्र हिंदुस्थान कधी दिसलाच नाही. इथल्या उन्हात लहान मुलांची तब्येत टिकणार नाही, या समजापोटी आई-वडिलांनी त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला, जॉनला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त कर्नलच्या घरी ठेवलं. आई परत बोटीत बसली तेव्हा अ‍ॅलन जेमतेम सव्वा वर्षाचा होता. आपण अकरावी-बारावीनंतर घर सोडतो आणि पहिल्या आठवड्यात चार फोन करतो. याने घर सोडलं तेव्हा त्याला घर हा शब्दही नीट येत नसेल.

पुढे एक लहानसं बोर्डिंग झालं आणि मग मोठं बोर्डिंग आलं : डॉर्सेट परगण्यातलं शेरबोर्न स्कूल. मे 1926. अ‍ॅलनला चौदावं पूर्ण व्हायला दीड-दोन महिने बाकी होते, म्हणजे आपल्याकडे नववीत जाणाऱ्या मुलाचं वय. आई-वडील तेव्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर राहत होते, त्यामुळे तो एकटाच बोटीने साउदॅम्प्टनला उतरला. उतरतो तर काय, सगळा देश बंद! कोळसा-कामगारांच्या बाजूने इंग्लंडभर सार्वत्रिक संप सुरू झालेला. रेल्वे नाही, बस नाही. शाळा 60 मैलांवर, म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटर. आपल्या हिशेबात पुण्याहून निघून साताऱ्याच्या थोडं अलीकडे.

अशा वेळी मी काय केलं असतं, ते सांगतो. घरी कळवलं असतं आणि संप मिटेपर्यंत आरामात लोळलो असतो. अ‍ॅलनने सामान बंदरावरच सोपवलं, एक नकाशा विकत घेतला, हाउसमास्टरांना तार केली आणि सायकलवर टांग मारली. वाटेत सायकल दुरुस्त करून घेतली. रात्री ब्लँडफोर्ड गावात हॉटेलात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात हजर. स्थानिक वर्तमानपत्रातही ही बातमी छापून आली. नव्या मुलाची याहून झोकदार एन्ट्री कोणत्याच बोर्डिंगने पाहिली नसेल.

पण एन्ट्री झोकदार झाली म्हणून पुढचं सोपं होतं असं नाही. इंग्लंडातल्या ज्या शाळांना पब्लिक स्कूल म्हणतात त्या खरं तर चांगल्याच खाजगी आणि महागड्या असतात. साम्राज्य चालवायला साहेब तयार करणं हे तेव्हा त्यांचं काम. लॅटिन, मैदान, प्रार्थना आणि शिस्त. मुलं वेगवेगळ्या हाउसमध्ये राहायची. मी कॉन्व्हेंटमध्ये होतो तेव्हा आमचंही रेड हाउस, ब्लू हाउस असायचं, पण ते स्पोर्ट्स डेच्या रिबिनीपुरतं. तिथे हाउस म्हणजे झोपणं, जेवण, अभ्यास, मार खाणं सगळं त्याच छपराखाली. नव्या पोरांनी सीनिअर्सची वरकामं करायची, आणि याला नियमाचा आधार होता. आपल्याकडे रॅगिंग चोरून होतं आणि पकडलं तर कायदा आहे. तिथे तीच रीत होती.

या साच्यात अ‍ॅलन बसला नाही. कपड्यांवर शाई, वह्यांवर शाई, अक्षर असं की मास्तर हैराण. बोलताना अडखळायचा. मैदानावर चेंडूपेक्षा त्याला बाकी सगळ्यात रस. पोरांनी एकदा त्याला कॉमन रूमच्या जमिनीच्या सुट्या फळ्यांखाली कोंडलं होतं. चरित्रात ही एका ओळीची गोष्ट आहे. पण त्या फळ्यांवरून चालणारे पाय खालून कसे ऐकू आले असतील, हे माझ्या डोक्यातून काही जात नाही.

त्याचे हाउसमास्टर ओ'हॅनलन मात्र भला माणूस होता. आपल्या भाषेत रेक्टरच म्हणा. त्यांनी या विचित्र पोराला सांभाळून घेतलं. वर्गातल्या मास्तरांचं मत वेगळं. हेडमास्तरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की याला नुसतं शास्त्रज्ञच व्हायचं असेल, तर पब्लिक स्कूलमध्ये याचा वेळ फुकट चालला आहे. गणिताच्या रिपोर्टमध्ये तक्रार होती की हा पुढच्या गणिताच्या मागे लागतो आणि साधी गणितं कच्ची ठेवतो. तक्रार खोटी नव्हती! टॅन इन्व्हर्स एक्सची अनंत मालिका आपण फर्स्ट इयरला एम-वनमध्ये मॅक्लॉरिन लावून काढतो, आणि तीही गाइड शेजारी ठेवून. या मुलाने ती पंधराव्या वर्षाच्या आसपास स्वतः शोधून काढली. तेव्हा त्याला कॅल्क्युलस शिकवलेलंच नव्हतं. ती त्याने गणिताच्या मास्तरांना, रँडॉल्फ यांना दाखवली. आधी त्यांना वाटलं की कुठल्यातरी पुस्तकातून उतरवली असेल. मग खात्री पटली आणि मुलगा असामान्य बुद्धीचा आहे असं त्यांनी सांगून टाकलं. त्याने शाळेच्या एकूण मतात फारसा फरक पडला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी त्याने आइन्स्टाइनच्या रिलेटिव्हिटीवर नोट्स काढल्या, त्याही कुणासाठी, तर आईला समजावं म्हणून. हाउसच्या जिन्याच्या मोकळ्या जागेत फुकोचा लंबक टांगला आणि पृथ्वी फिरते हे दाखवलं. स्टाफपैकी कुणी हे वाचत असतील तर एवढंच सांगतो, की आपल्या जिन्यालाही भरपूर जागा आहे.

हे सगळं तो एकट्याने करत होता. नवीन आलेला मुलगा सहसा महिन्या-दोन महिन्यांत कुठल्यातरी घोळक्यात मिसळतो. मेसमध्ये जागा ठरते, नाव पडतं. अ‍ॅलनची दोन वर्षं तशीच गेली. मग आला ख्रिस्टोफर मॉरकॉम.

ख्रिस्टोफर त्याला एक वर्ष सीनिअर, वेगळ्या हाउसमधला. अंगाने लहानखुरा, पण प्रत्येक विषयात पुढे, अक्षर सुंदर, काम नीटनेटकं. अ‍ॅलनच्या अगदी उलट. घरही काय, आपल्यासारख्यांना हेवा वाटावा असं. आईचे वडील म्हणजे विजेच्या दिव्याचे एक जनक सर जोसेफ स्वान. वडील बेलिस अँड मॉरकॉम या बर्मिंगहॅमच्या कंपनीत, जी वाफेची इंजिनं आणि कॉम्प्रेसर बनवायची. मेकॅनिकलवाल्यांनो, नाव ऐकल्यासारखं वाटतंय का?

दोघांची ओळख 1927 ची, पण खरी गट्टी जमली ती पुढच्या वर्षी, सायन्सच्या वरच्या वर्गात. ख्रिस्टोफर आयोडिनचा तो प्रसिद्ध प्रयोग करायचा : दोन पाण्यासारखी द्रावणं मिसळायची, काही वेळ काहीच होत नाही, आणि ठरलेल्या क्षणी सगळं एकदम गडद निळं. तो काचपात्र हलवायचा आणि अ‍ॅलन कागदावर गणित मांडायचा, की ही वेळ कोणत्या समीकरणाने निघेल. रात्री तारे बघायचे. फ्रेंचच्या तासाला फुल्ली-गोळा खेळायचे. मुख्य म्हणजे ख्रिस्टोफरशी बरोबरी साधायची म्हणून अ‍ॅलनने आपलं काम नीट लिहायला सुरुवात केली. जे मास्तरांना, रिपोर्टना आणि शिक्षांना जमलं नाही ते एका मित्राच्या नुसत्या असण्याने झालं. अ‍ॅलनच्या बाजूने हे प्रेमच होतं. ते तेव्हा त्याने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखा काळही नव्हता.

डिसेंबर 1929 मध्ये दोघं केंब्रिजला स्कॉलरशिपची परीक्षा द्यायला गेले. कॉलेजात राहायचं, मोठ्या हॉलमध्ये जेवायचं, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायच्या. अ‍ॅलनचा तो बहुधा सगळ्यात सुखाचा आठवडा. निकाल लागला : ख्रिस्टोफरला ट्रिनिटी कॉलेज मिळालं, अ‍ॅलनला नाही.

आणि 13 फेब्रुवारी 1930 ला ख्रिस्टोफर गेला. लहानपणी दूषित दुधातून त्याला गाईंचा क्षय झाला होता, आणि तो तेव्हापासून आतून पोखरत होता. अ‍ॅलनला याची कल्पनाच नव्हती. ख्रिस्टोफरने कधी सांगितलंच नव्हतं. एका रात्री अचानक त्रास सुरू झाला, लंडनला नेलं, आणि आठवड्याभरात सगळं संपलं.

बोर्डिंगमध्ये रडायलाही स्वतःची खोली नसते. दुसऱ्या दिवशी घंटा वाजते, तास भरतात. सतरा वर्षांच्या अ‍ॅलनने ख्रिस्टोफरच्या आईला पत्र लिहिलं आणि मित्राचा एक फोटो मागितला. त्या बाईंनी फोटो दिला, आणि त्या वसंतात त्याला आपल्या कुटुंबाबरोबर जिब्राल्टरच्या सफरीलाही नेलं. पुढे अनेक वर्षं दोघांचा पत्रव्यवहार चालू होता. मॉरकॉम कुटुंबाने मुलाच्या नावाने शाळेत विज्ञानाचं बक्षीस ठेवलं. ते 1930 आणि 1931 अशी दोन्ही वर्षं अ‍ॅलननेच मिळवलं. डिसेंबर 1930 मध्ये तो पुन्हा परीक्षेला बसला, किंग्ज कॉलेजची स्कॉलरशिप मिळवली आणि 1931 मध्ये केंब्रिजला गेला.

तिथे असताना, मॉरकॉमांच्या घराशी जोडलेल्या त्या काळात, त्याने मन आणि शरीर यांवर एक छोटं टिपण लिहिलं. माणूस गेल्यावर त्याच्या मनाचं काय होतं? मेंदू नावाच्या वस्तूला मन चिकटतं तरी कसं? विसाव्या वर्षी, म्हणजे माझ्याच वयात, तो हे भौतिकशास्त्राच्या भाषेत विचारत होता. चार वर्षांनी, 1936 मध्ये, गणिताच्या एका कूट प्रश्नाचं उत्तर देताना त्याने ते टेपचं यंत्र कल्पिलं, आणि ते समजावताना त्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणाऱ्या माणसाच्या मनाच्या अवस्थांपासूनच सुरुवात केली. 1950 मध्ये त्याने यंत्र विचार करू शकेल का, हा प्रश्न जगासमोर ठेवला. या सगळ्याचा धागा शाळेतल्या त्या बेंचपर्यंत जातो असं मला वाटतं. गणिताचे सर याला पुरावा म्हणणार नाहीत.

बाकीचं चरित्र सिनेमामुळे बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. सप्टेंबर 1939 पासून ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे संदेश फोडणं. त्यासाठी पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामावर उभं राहून बाँब नावाचं यंत्र. तिथेही तो सायकलवरूनच यायचा, परागांची अ‍ॅलर्जी म्हणून तोंडाला गॅस मास्क लावून. सायकलची चेन ठरावीक फेऱ्यांनंतर पडायची, तर चेन बदलण्याऐवजी तो फेऱ्या मोजायचा आणि ऐन वेळी चेन सावरायचा. शाळेच्या मैदानावर नकोसा असलेला हा गडी 1947 मध्ये मॅरेथॉन 2 तास 46 मिनिटांत धावला. मग कॉम्प्युटरचं डिझाइन, मँचेस्टर, 1951 मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप.

1952 मध्ये घरी चोरी झाली म्हणून तो पोलिसांत गेला आणि चौकशीत त्याचे एका पुरुषाशी संबंध असल्याचं बाहेर आलं. तो तेव्हा गुन्हा होता. तशाच जातीचं कलम इंग्रजांनी आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेत घातलं होतं, आणि सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. ट्युरिंगपुढे दोन पर्याय ठेवले गेले : तुरुंग, किंवा वर्षभर हार्मोनची औषधं. त्याने औषधं घेतली. गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. 7 जून 1954 ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो एक्केचाळीस वर्षांचा होता. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईने मात्र तो अपघात होता असंच शेवटपर्यंत मानलं. ब्रिटिश पंतप्रधानांनी 2009 मध्ये माफी मागितली, 2013 मध्ये राणीकडून क्षमा आली, आणि 2021 मध्ये 50 पौंडांच्या नोटेवर त्याचं चित्र आलं.

आईने 1959 मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. त्याआधी तिने आणखी एक काम केलं होतं, तेही नकळत : पोराने बोर्डिंगमधून घरी लिहिलेली पत्रं जपून ठेवली होती. ती आता केंब्रिजला किंग्ज कॉलेजच्या संग्रहात आहेत, आणि त्यांच्या प्रती कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुणालाही वाचता येतात. मीही काही वाचली. अक्षर खरंच वाईट आहे.