जगदीशचंद्र बोस

सर जगदीशचंद्र बोस (३० नोव्हेंबर, १८५८ – २३ नोव्हेंबर, १९३७) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. काही मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी निर्माण करणारी आणि त्यांचे मापन करणारी उपकरणे त्यांनी १८९४ नंतरच्या काही वर्षांत कोलकात्यात स्वतः तयार केली. सूक्ष्मलहरी तंत्रज्ञानाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जन्म व शिक्षण

बोस यांचा जन्म तत्कालीन बंगाल प्रांतातील मैमनसिंग (सध्या बांगलादेशात) येथे झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी व ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. मुलाने इंग्रजीपूर्वी मातृभाषा शिकावी व सामान्य घरांतील मुलांबरोबर वाढावे, या विचाराने त्यांनी त्याला प्रथम बंगाली शाळेत घातले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्या प्रयोगाधिष्ठित अध्यापनामुळे बोस यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये ते वैद्यकाच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. परंतु प्रकृती साथ देईना, म्हणून त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स महाविद्यालयात निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅली हे त्यांचे शिक्षक होते.

अध्यापन व वेतनाचा प्रश्न

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक झाले. त्या वेळी भारतीय प्राध्यापकांना युरोपीय प्राध्यापकांच्या दोन तृतीयांश वेतन मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांना याच्याही निम्मे, म्हणजे एक तृतीयांशच वेतन देऊ करण्यात आले. या भेदभावाचा निषेध म्हणून त्यांनी सुमारे तीन वर्षे वेतन न स्वीकारता अध्यापन केले. या काळात घरची आर्थिक स्थिती बिकट होती. १८८७ मध्ये त्यांचा विवाह अबला दास यांच्याशी झाला. अखेरीस सरकारने त्यांची नेमणूक कायम करून पूर्ण वेतन मागील थकबाकीसह दिले.

लहरी निर्माण करणारी उपकरणे

हाइनरिख हर्ट्‌झ यांनी १८८७–८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. प्रकाशाशी साम्य दाखवणाऱ्या प्रयोगांत त्यांच्या लहरींची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर होती. लहर लांब असल्याने उपकरणेही अवाढव्य करावी लागत. हर्ट्‌झ यांचा डांबराचा लोलक सुमारे दीड मीटर उंच होता. लहर आखूड केल्यास प्रकाशाचे सर्व नियम टेबलावर पडताळता येतील, हे बोस यांनी ओळखले. नोव्हेंबर १८९४ मध्ये त्यांनी संशोधनास वाहून घेतले. महाविद्यालयात स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक पत्रेकारागिराच्या मदतीने त्यांनी ही उपकरणे बनवली.

बोस यांच्या जनित्रात धातूच्या दोन टोकांमध्ये एक लहान गोळी असे. प्रेरण वेटोळ्यातून उच्च दाब दिला की गोळीच्या दोन्ही बाजूंना ठिणग्या पडत आणि गोळीवरील विद्युतभार वेगाने पुढेमागे आंदोलित होई. गोळी जितकी लहान, तितकी लहर आखूड. ठिणग्यांमुळे पृष्ठभाग खडबडीत झाल्यास लहरी अनियमित होत. म्हणून त्यांनी प्लॅटिनम वापरले व सतत ठिणग्या पाडण्याऐवजी एका वेळी एकच ठिणगी पाडण्याची योजना केली. वेटोळे धातूच्या पेटीत बंद असे. त्यामुळे विद्युतचुंबकीय परिणाम बाहेर झिरपून ग्राहकास बाधा होत नसे. लहरी नळीच्या वाटे बाहेर पडत. ही नळी म्हणजे आजच्या तरंगमार्गदर्शकाचे आद्य रूप होय. या लहरींची लांबी ५ ते २५ मिलिमीटर, म्हणजे वारंवारता १२ ते ६० गिगाहर्ट्‌झ होती.

लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी कर्ण्याच्या आकाराचा ॲन्टेना, तर ओळखण्यासाठी सर्पिल स्प्रिंगांचा शोधक वापरला. ध्रुवक म्हणून त्यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांत कथिलाची वर्खपत्रे घालून पाहिली, तसेच पीळ दिलेल्या तागाचाही उपयोग केला. दोन लोलकांमधील हवेचे अंतर बदलून लहरींची तीव्रता कमीअधिक करणारे उपकरणही त्यांनी वापरले. जनित्र, क्षीणक, शोधक व गॅल्व्हानोमीटर ही मांडणी पुढे सूक्ष्मलहरींच्या चाचणी उपकरणांत रूढ झाली. त्या उपकरणांत ठिणगीच्या जागी क्लायस्ट्रॉन नलिका आली.

प्रात्यक्षिके, शोधक व पेटंट

मे १८९५ मध्ये बोस यांनी या विषयावरील पहिला शोधनिबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. कोलकात्याच्या टाउन हॉलमधील जाहीर प्रात्यक्षिकात त्यांच्या लहरींनी भिंती व बंगालच्या नायब राज्यपालांचे शरीर भेदून दूरच्या खोलीतील घंटा वाजवली आणि पिस्तुलाचा बार उडवला. १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एससी. पदवी दिली. २९ जानेवारी, १८९७ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिले.

१८९९ मध्ये त्यांनी लोखंड व पारा यांच्या स्पर्शावर चालणाऱ्या शोधकाचे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडले. मार्कोनी यांनी डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार संदेश ग्रहण करताना वापरलेला पाऱ्याचा शोधक याच प्रकारचा होता. त्यामुळे त्याच्या श्रेयाविषयी पुढे बरीच चर्चा झाली. ज्ञानावर खासगी मालकी नसावी, अशी बोस यांची भूमिका होती. भगिनी निवेदिता व सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलेना स्फटिकाच्या शोधकासाठी अमेरिकेत अर्ज करण्यात आला व १९०४ मध्ये पेटंट मिळाले. मात्र त्यांनी त्यापासून आर्थिक लाभ घेतला नाही.

उत्तरायुष्य

१९०० च्या सुमारास बोस वनस्पतींच्या प्रतिसादांच्या अभ्यासाकडे वळले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्यांच्या निष्कर्षांना तीव्र विरोध केला. वनस्पतींची अतिसूक्ष्म वाढ मोजण्यासाठी त्यांनी क्रेस्कोग्राफ तयार केला. १९१७ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी त्यांनी कोलकात्यात बोस संस्थेची स्थापना केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये बोस यांच्या १८९४–९६ मधील प्रयोगांना 'मैलाचा दगड' म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संशोधनालाही हा मान मिळाला. भारतातील तिसरा मान पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपला मिळाला. बोस यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या बोस संस्थेत जतन केलेली आहेत.